हर्षाली आन मान्यता येनारं कालेज

तर मी काय सांगत व्हते, प्राची? हां, टाचंचं. तू तवा अंगनवाडीत खिचडी खात व्हतीस, तुला न्हाई आठवायचं. तुझ्या आज्याच्या टाचंला जखम झालती, आन अंगात साखर, म्हंजी ती काय भरून यीना. धर्माजी म्हंजी कसा गडी, दवाखान्याचं नाव काढलं की बैलावानी बिथरायचा. मला म्हनायचा, "चिमे, माती लाव, मातीनं बरं व्हतंय." मातीनं कांदा पोसतो, टाच न्हाई, आसं मी म्हनायची. पन ऐकतोय कोन?

ऐकलं ते हर्षालीचं. माझ्या सोपानची थोरली, तुझी ताई. सातवीत व्हती. सरकारी दवाखान्यातल्या तेजस्विनी शिस्टरनी तिला दाखवलं, पट्टी कशी सोडायची. आधी औषधाच्या पान्यानं वली करायची, वढायची न्हाई, जखमंला बोट लावायचं न्हाई. एकदाच दाखवलं बरं का. दुसऱ्या दिशीपासनं पोरगी शाळंच्या आधी हात कोपरापतुर साबनानं धुनार, आज्याचा पाय पाटावर ठेवनार आन म्हननार, "आबा, हाललात तर शिस्टरला नाव सांगीन." आख्खी आळी ज्याला वचकून असायची, त्यो गप बसायचा. पाच महिनं. मी बायकू आसून पदर नाकाला लावून लांब उभी ऱ्हायची. तिनं एक दीस नाक मुरडलं न्हाई. पाय वाचला. फुडं चार सालं धर्माजी त्याच पायानं वावरात हिंडला, आन मंग गेला. टाचंनं न्हाई गेला, हे लिही.

तवाच तिनं ठरवलं, नर्स व्हायचं.

शाळंच्या अंकाला गावातल्या एका मानसाची हकीकत पायजे म्हनं, तुझ्या बाईंनी सांगितलंय, कुनी मोठा मानूस निवडा. आता आमच्या महाळुंगे पडवळात सरपंच हायेत, मास्तर हायेत, बागायतदार हायेत. पन त्यांच्या सगळ्यांच्या वाट्याला फ्लेक्स येतोच की. आपल्या हर्षालीनं सोताचा फ्लेक्स सोताच्या हातानं उतरवला. तसं मानूस दुसरं दाखव मला. म्हनून तिचंच लिहायचं.

तिची बारावी झाली करोनाच्या दुसऱ्या सालात. परीक्षा झालीच न्हाई, घरबसल्या मार्क आलं. चांगलं आलं. आता नर्सिंगचं कुठं बघायचं, आसं तुझा बाप म्हनत व्हता, तवर कुशाबा पावणं आलं. तुझ्या आयचं, उज्ज्वलाचं मामा. पांढरी टोपी, खिशाला दोन पेन, लिहायची येळ आली की दुसऱ्याचा पेन मागनार. त्यांची वळख न्हाई आसं एक हापिस न्हाई. वट्यावर बसायच्या आधीच म्हनलं, "उज्ज्वले, चहा ऱ्हाऊ दे. पोरीचं काम झालं."

त्यांनी एक नर्सिंगचं कालेज हुडकून काढलं व्हतं. नाव मी घेत न्हाई, तू बी लिहू नको. लई लांब, हायवे सोडून आत वळायचं. तीन वर्साचा कोर्स. पावणं म्हनलं, "पास झाली की दवाखानं दारात रांग लावत्यात. करोनात बघितलं न्हाई का नर्सची किंमत?"

आन पावण्यांनी काय करावं? पोरीचा फोटू फोनमधनं घेतला आन चौथ्या दिशी चावडीसमोर फ्लेक्स! दोन खांबाच्या मधी, हितनं तिथवर. नर्सिंग कालेजात निवड झाल्याबद्दल कुमारी हर्षाली हिचे हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हनून बारा जनांचं फोटू, त्यात पावण्यांचा पोरीपरीस मोठा. अजून कालेजचं दार बघितलं न्हाई आन अभिनंदन झालं बी. आपल्याकडं हे आसंच. बोहनीच्या आधी गुलाल. तुझ्या बापानं लगोलग पेढं वाटलं. बाया नळावर "काय शिस्टर" म्हनायला लागल्या. पोरगी लाजायची, पन आतनं फुलायची. मला दिसायचं.

मंग आमी कालेज बघायला गेलो. जीपमधी सोपान, उज्ज्वला, पावणं, हर्षाली. मला न्यायचं नव्हतं कुनाला, गुडघं धरत्यात म्हनून. हर्षाली म्हनली, "आजी यील. आजी न्हाई तर मी बी न्हाई." तर मी फुडच्या शिटावर.

इमारत काय, तीन मजली, निळ्या काचा. आतमधी टायवालं सर. आमाला थंडगार सरबत. हर्षालीनं पहिलंच विचारलं, "सर, कौन्सिलची मान्यता चालू हाय का?" हे तिला तेजस्विनी शिस्टरनी शिकवून धाडलं व्हतं. मला तवा ठाव नव्हतं कौन्सिल म्हंजी काय. नर्सच्या शाळांवर नजर ठेवनारं सरकारी हापिस आसतं ते.

सर हसलं. "मान्यता होतीच. आता नूतनीकरणाची फाईल वर गेलेली आहे. येणारच आहे."

"कवा यील, सर?"

"प्रोसेसमध्ये आहे."

पावणं मधीच म्हनलं, "हां, प्रोसेसमधी हाय, झालं तर मंग," आन ग्लास खाली ठेवला.

सरांनी मंग आमाला मागल्या बाजूचा त्यांचा दवाखाना दाखवला. शंभर खाटांचा. पोरी हितंच शिकत्यात म्हनं. खाटा सगळ्या रिकाम्या. सर म्हनलं, "करोनामुळं सध्या पेशंट कमी आहेत. एरवी तपासणीला साहेब आले होते तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नव्हती."

मी खिडकीतनं बाहेर बघितलं. बाहेर पान्याची टाकी. टाकीवर रंगानं कमळ काढल्यालं, आन कमळाची एक पाकळी काढायची ऱ्हायल्याली. प्राची, ही टाकी मी बघितली व्हती. झोपून बघितली व्हती. त्या खिडकीखालच्या खाटंवर.

थांब, सांगते. करोनाच्या आधी दोन सालं, मी पारगावला गेलते, तुझ्या आत्याकडं. कारखाना चालू, सगळीकडं ऊस. सकाळच्या पारी दोन मोठ्या गाड्या आल्या. मोफत तपासनी शिबीर, दुपारचं जेवान, येताना एक साडी. मी निघाले, तुझ्या आत्याची सासू निघाली, पाचटाच्या कोप्यांत ऱ्हानाऱ्या ऊसतोडीच्या बाया निघाल्या. दोन गाड्या भरल्या. तिथं गेल्यावर आमाला एकेका खाटंवर झोपवलं. हाताला पट्टी चिकटवली, वर बाटली टांगली, आन नळी नुसती पट्टीखाली खुपसली. सुई न्हाईच! एक पोरगा म्हनला, "मावशी, साहेब आले की डोळं मिटायचं. विचारलं तर सांगा, पोटाचं आपरेशन झालंय."

मला वाटलं, शिबिराची रीत आसंल. साहेब आलं, चांगलं मानूस व्हतं, वाकून म्हनलं, "काय होतंय आजी?" मी कन्हत म्हनलं, "आपरेशन झालं, सायब. आता बरं वाटतंय. जेवान लई चांगलं देत्यात." ते लिहून घेऊन गेलं. त्या पोरानं मला दोन लाडू जास्ती दिलं. गुलाबी साडी दिली. आन मी गावात येऊन सांगत फिरले, दवाखाना आसावा तर आसा, टोचत न्हाई, दुखत न्हाई, वर लुगडं! हसू नको, लिही.

तर त्या दिशी, टाकीवरचं कमळ बघितल्यावर माझ्या टाळक्यात शिरलं. ती तपासनी आमची नव्हती. कालेजची व्हती. आन आमी सगळ्या खोट्या पेशंट.

मी बोलले का? न्हाई. लाज वाटली. आन दुसरं, हर्षाली काचंच्या कपाटाम्होरं उभी व्हती. आत रक्तदाब मोजायचं यंत्र, कात्र्या, चिमटं. कपाटाला कुलूप. तिनं काचंवर हात ठेवला व्हता, जशी लहान पोरं मिठाईच्या दुकानात ठेवत्यात. म्हनलं, आता मी त्वांड उघडलं तर हिचं काय व्हनार? गप बसले. जीपमधी गप, घरी गप. भाकरी करपली तरी गप.

पैसं भरायचं ठरलं सोमवारी.

शनवारी हर्षाली तेजस्विनी शिस्टरकडं गेली. शिस्टरनी फोनवर मान्यता आसलेल्या कालेजांची कौन्सिलची यादी काढली. त्या सालच्या यादीत कालेजचं नावच न्हाई. शिस्टर म्हनल्या, "हे बघ, मान्यता आली तर आली. न्हाई आली तर परीक्षेला बसता येणार नाही. आणि नोंदणी नंबर मिळाला नाही तर तू नर्स नाहीस. नुसता पांढरा कपडा." सरकारी नर्सिंग शाळेचं काय म्हनून विचारलं, तर त्या अर्जाची तारीख आठ दिवसांमागं गेल्याली. आमी पावण्यांच्या भरवशावर बसलो व्हतो ना.

म्हंजी आसं झालं बघ. तिथं जावं तर तीन सालं जाऊन हातात काही यील का न्हाई कुनाला ठाव न्हाई. न जावं तर साल घरी. आन पोरगी साल घरी बसली की काय व्हतं? स्थळं. नारायणगावचं एक तर आधीच विचारून गेलतं. एकदा लगीन झालं की कोन शिकवतंय?

आईतवारी वट्यावर बैठक बसली. पावणं तर तावातच आलं.

"यादी काय, यादी मागनं येती. काम फुडं चालू आसतं. उसाची नोंद व्हयाच्या आधी आपुन ऊस लावत न्हाई का?"

सोपान म्हनला, "मामा म्हनत्यात ते पटतंय मला. फ्लेक्स लागलाय, पेढं वाटलेत. आता न्हाई म्हनायचं तर गावात त्वांड कुठं दाखवू?"

उज्ज्वला म्हनली, "आन घरी बसली तर ते नारायणगाववालं परत येतील."

हर्षाली खांबाला टेकून बसलेली. नखानं पायाखालचा शेनाचा पापुद्रा टोकरत व्हती.

पावणं म्हनलं, "आन येवढं सरकारी सायब तपासून गेलं, त्यांना काय डोळं न्हाईत? शंभरच्या शंभर खाटा भरल्या व्हत्या!"

मी म्हनलं, "पावणं, त्या शंभरातली एक मी व्हते."

सगळी माझ्याकडं बघाया लागली. मी उठले, ट्रंकंतली गुलाबी साडी काढली आन मधोमध टाकली. मंग सगळं सांगितलं. बाटली, नळी, लाडू, सायब. कन्हले कशी ते बी कन्हून दाखवलं. आधी उज्ज्वलाला हसू फुटलं, मंग सोपानला. पावणं मात्र लालबुंद.

"वा, इहीनबाई! लाडू खायला तुमी, आन कालेजला नावं ठेवायला बी तुमीच?"

"खाल्लं पावणं. दोन जास्तीचं खाल्लं. अजून पचलं न्हाईत, म्हनून तर सांगतेय."

हर्षाली हसली न्हाई. ती माझ्याफुडं येऊन बसली. "आजी, खरंच सुई नव्हती?"

"न्हाई गं."

"शेजारच्या खाटंवर?"

"कुनालाच न्हाई. सगळ्या धडधाकट. सांच्याला परत उसाला गेल्या."

मंग ती बापाकडं वळली. "पप्पा, मी जात न्हाई. यादीचं सोडा. यादी उद्या यील बी. पन तिथं मी शिकनार कुनावर? मला जे येतंय ते आबांच्या टाचंवर शिकले मी. तिथं तेवढी बी जखम न्हाई. कुनाची पट्टी सोडू, आजीची?"

"साल वाया जाईल, पोरी," पावणं म्हनलं.

"एक जाईल, आजोबा. तिथं तीन जातील. आन मंग फुडं जलमभर मी अंदाजानंच सुया टोचनार. त्या पेशंटनं काय केलंय?"

पावण्यांनी खिशातलं पेन काढून परत ठेवलं फक्त.

सोपान म्हनला, "फ्लेक्सचं काय करायचं?"

"ते माझ्याकडं लागलं," हर्षाली म्हनली.

दुसऱ्या दिशी भर दुपारी, चावडीवर मानसं बसलेली आसताना, पोरगी शिडी घेऊन गेली. आपल्याच त्वांडाच्या दोऱ्या सोडल्या एकेक. खालनं दादाभाऊ वरडला, "काय शिस्टर, लगीच बदली?"

"व्हय काका. कांद्याच्या बराखीवर."

आन खरंच, फ्लेक्स आनला आन बराखीवर टाकला. परतीचा पाऊस तोंडावर व्हता, कांदा झाकायला कागद पायजेच व्हता. पावण्यांचा फोटू बरूबर पन्हाळीखाली आला. ते मी मुद्दाम केलं का, आसं उज्ज्वला आजूनबी विचारती. मी सांगत न्हाई.

त्या सालात तिनं लई ऐकलं गं. "घरी बसवली का?" "नापास झाली काय?" नारायणगावचं स्थळ परत आलं, तर सोपाननंच चहा पाजून वाटंला लावलं. म्हनला, पोरगी शिकतीय. नारायणगाववालं म्हनलं, कुठं? सोपान म्हनला, "फुडच्या साली सांगतो." तुझ्या बापाला मी तवा पहिल्यांदा शाना म्हनलं.

पोरगी काय बसून ऱ्हाती व्हय? लशी आल्या व्हत्या. तेजस्विनी शिस्टरच्या शेजारी बसून नावं लिहायची. म्हाताऱ्या येईनात. कुनी म्हनं ताप येतो, कुनी म्हनं मानूस मरतो. हर्षाली घराघरात जायची. "मावशी, माझी आजी खोटी सुई घेऊन लाडू खाऊन आली, तुमी खरी घ्या, मी चहा पाजते." तवर माझी गोष्ट साऱ्या गावाला झालती. सांगितली कुनी? मीच. एकदा वट्यावर सांगितली, मंग लाज कसली? दुसरी पोरगी तरी तिथं जानार न्हाई. रांगंत बाया मला फुडं ढकलायच्या, "चिमाबाईला आधी टोचा, तिला सवय हाय!" टोचलं. लई दुखलं. पन एका रोजात आमच्या आळीच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं टोचून झालं.

फुडच्या साली अर्ज निघाला त्या दिशी सकाळी भरला तिनं. यादी लागली. सरकारी दवाखान्याची नर्सिंग शाळा, गुनांवर लागला नंबर. सोपान पेढ्याला निघाला तर त्याला दारातच धरला. "पप्पा, थांबा." आन फोनवर कौन्सिलची यादी काढून त्या शाळंचं नाव बघितलं. आगं सरकारी हाय ती, मी म्हनलं. "आसू दे, आजी. बघायचं म्हंजी बघायचं." नाव व्हतं. मंग पेढं. आन फ्लेक्स? पावण्यांनी विचारलं बी न्हाई.

तिथं गेल्यावर काही महिन्यांनी फोन आला. "आजी, आज खरी सुई टोचली. मानूस वरडला."

"वरडला? मंग खराच पेशंट हाय," मी म्हनलं.

तीन सालं. सुट्टीला यायची तर डोळं खोल गेल्यालं, पाय सुजल्यालं, पन बोलायला लागली की थांबायची न्हाई. कुनाचं बाळ झालं, कुनाच्या जखमंत किडं व्हतं, कुनी म्हातारा तिला आय म्हनून हाक मारायचा. आबांच्या टाचंसारखी टाच आली तर ती दुसऱ्या कुनाला द्यायची न्हाई म्हनं. मागून घ्यायची.

औंदा पास झाली. कागद आला, नोंदनीचा. मला वाचता येत न्हाई, पन तिनं माझं बोट धरून त्या नंबरावर फिरवलं. एकेक आकडा. म्हनली, "आजी, हा माझा. दुसऱ्या कुनाचा न्हाई." सोपान बाहेर गेला. बैलाला पानी दावायला गेलो म्हनला. बैल आपल्याकडं सात सालांपासनं न्हाईत.

आता ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हाय. कुनाचं काम निघालं की आपल्या गावची मानसं आधी तिचं नाव घेत्यात. दादाभाऊला साखर निघाली, त्यो बी पाय पाटावर ठेवून गप बसतो. मी बघून आले. म्हनलं, "काय दादाभाऊ, हालू नको, शिस्टरला नाव सांगंल." त्यो म्हनला, "आता शिस्टर हीच हाय, काकू, नाव सांगायचं कुनाला?"

त्या कालेजचं? मान्यता काय आली न्हाई. पोरी अडकल्या, परीक्षा न्हाई, फी परत न्हाई. हर्षाली त्याच्यावर एकदा बी हसली न्हाई. त्यातल्या चौघी-पाचजनी तिला फोन करत्यात, कुठं अर्ज करायचा, कसा करायचा. ती जेवता जेवता सांगत बसती. दोघी गेल्या साली सरकारीत लागल्या. एकीनं मला साडी धाडली. ही मातर नेसले मी.

आन मागच्या महिन्यात कोन यावं? कुशाबा पावणं. टोपी तीच, पेन दोन. त्यांच्या नातीला नर्सिंगला घालायचं. चहा यायच्या आधी घडी घातल्याला कागद काढला आन हर्षालीफुडं धरला. "म्याडम, जरा बघता का, यादीत हाय का हे?"

"आजोबा, म्याडम काय!" ती म्हनली. पन कागद घेतला, फोन काढला, बघितलं. "हाय. घाला बिनघोर. पन आधी तिथं जाऊन वार्डात पेशंट बघून या."

"तुझी आजी तर न्हाई ना तिथं झोपल्याली?" पावणं म्हनलं, आन सोताच लई हसलं. मी बी हसले. मानूस वाईट न्हाई गं. घाई वाईट.

झालं, येवढंच. हात दुखला का? आता शेवटचं लिही, मोठ्या अक्षरात. वारूळवाडीला माझ्या भावाची सून हाय, जया. तिची सोनल औंदा बारावी झालीय, आन तिला बी कुनीतरी रंगीत कागद दिलाय म्हनं, मान्यता येनार हाय आसं सांगून. जयाचा फोन लागत न्हाई. हा अंक वाचनारं कुनी तिकडं बाजाराला, न्हाईतर टमाटं घेऊन चाललं आसंल, तर भाऊ, जयाला येवढा निरोप द्या: पैसं भरू नको. आईतवारी हर्षालीला सुट्टी हाय, तो कागद घेऊन महाळुंग्याला ये. आन येताना सोनलला आन. ठरवायचं तिला हाय.